टँप्लीज!

आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही सांगणार नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐकता येईल असंच आहे.

लहानपणी लपंडाव, लंगडी, शिवणापाणी खेळताना पळता पळता चपलेचा अंगठा तुटला, केसातली रिबीन सुटली, नाहीतर घरातून आईची हाक आली, तर तुम्ही काय म्हणत होता? आठवा. आम्ही मूठ ओठांना लावायचो आणि ओरडायचो, "टँप्लीज!" कुणी टाइमप्लीज म्हणायचं, कुणी टॅम्प्लीस. शब्द इंग्रजीतला आहे, 'टाइम प्लीज', म्हणजे 'जरा वेळ द्या' असा काहीसा. पण आम्हाला तेव्हा टाइम म्हणजे काय आणि प्लीज म्हणजे काय, हे कुठं ठाऊक होतं? आमच्यासाठी तो आमचाच शब्द होता, विटी-दांडूइतका. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधी तो आम्हाला येत होता.

आणि त्या शब्दाची ताकद बघा. ज्या पोरीवर राज्य आहे, ती तुमच्यापासून एक हात लांब असायची. नुसता हात लावला की तुम्ही बाद. तरी तुम्ही टँप्लीज म्हटल्यावर तिला हात लावता यायचा नाही. ती थांबायची. तोंडानं कटकट करायची, "लवकर आटप गं," पण थांबायची. कुणी मोठं माणूस तिथं नसायचं. पंच नाही, पोलीस नाही, सरपंच नाही. सात-आठ वर्षांची पोरं, आणि एका शब्दावर सगळा खेळ थांबायचा.

त्याचे नियमही होते, आणि ते कुणी कुठं लिहून ठेवले नव्हते. टँप्लीज घेतलेल्या मुलीनं जागा सोडायची नाही. चप्पल नीट करायच्या नावाखाली हळूहळू दगडापर्यंत सरकायचं नाही. हात लागायच्या अगदी आधी, म्हणजे आता बाद होणारच असं दिसल्यावर टँप्लीज म्हटलं, तर ते धरलं जायचं नाही. "रडीचा डाव!" म्हणून सगळी ओरडायची. सारखी सारखी टँप्लीज घेणाऱ्या पोरीला पुढच्या वेळी खेळायला घ्यायची नाहीत. आणि काम झालं की आपणच सांगायचं, "झालं, चला." दुसऱ्यानं विचारायची वेळ येऊ द्यायची नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी नावाचं एक जोडपं होतं. त्यांनी शाळेतल्या मुलांचे खेळ, शब्द, चिडवाचिडवी असं सगळं गोळा करून १९५९ साली एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात खेळ थांबवायच्या शब्दांवर त्यांनी पुष्कळ लिहिलंय. लंडनकडची मुलं 'फेनाइट्स' म्हणायची, स्कॉटलंडकडची 'बार्ली', आणखी कुठं 'किंग्ज', कुठं 'क्रॉसेस', कुठं 'स्किंच'. काही मैलांवर शब्द बदलायचा. आपल्याकडे जशी बारा कोसांवर भाषा बदलते, तसंच. ती मुलं हे म्हणताना बोटावर बोट चढवायची, आपण मूठ ओठांना लावतो. यातला एखादा शब्द शेकडो वर्षं जुना आहे, असं अभ्यासक मानतात. राजे गेले, राज्यं गेली, पण पोरांनी शब्द टिकवला.

आता माझा प्रश्न असा. मोठेपणी आपल्याकडे असा शब्द आहे का?

मला तरी सापडत नाही. भांडण झालं की आपल्याकडे अबोला असतो. पण अबोला म्हणजे थांबणं नव्हे. अबोला ही नाकाबंदी आहे. बोलणं बंद, देणं-घेणं बंद, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. हत्यार खाली ठेवलेलं नसतं, ते फक्त आवाज न करता चालू असतं. दुसरा शब्द 'मिटवणं'. चार वडीलधारी माणसं बसतात, दोघींना समोरासमोर बसवतात आणि म्हणतात, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता मिटवून टाका." तेही थांबणं नव्हे. तिथं संपवायची घाई असते. मनातलं संपलेलं नसताना पाया पडायला लावतात, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. या दोन्हींच्या मधलं काही, म्हणजे 'अजून मिटलेलं नाही, मला माझं म्हणणं सोडायचंही नाही, पण थोडे दिवस थांबू या' हे सांगायला आपल्या घरगुती बोलीत सुटसुटीत शब्दच नाही. नवरा-बायकोच्या अशाच थांबण्यावर २०१३ साली मराठी सिनेमा आला, तर त्याचं नावसुद्धा 'टाइम प्लीज'च ठेवावं लागलं. शब्द मुलांकडूनच उसना घ्यावा लागला!

सैन्याकडे मात्र हे शब्द आहेत. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बायकांना ते नीट कळायला हवेत, असं मला गेल्या वर्षभरात फार वाटू लागलंय. आपल्याकडे घराघरातून पोरं फौजेत आहेत. अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. बातम्यांत एखादा शब्द आला की तो शब्द आपल्या घरातल्या माणसाबद्दल असतो.

२०२५ च्या मे महिन्यातलं सांगते. एप्रिलच्या २२ तारखेला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली, ७ मेला आपल्या फौजांनी ऑपरेशन सिंदूर केलं, आणि पुढचे तीन-चार दिवस कुणाच्याच घरातला टीव्ही बंद नव्हता. १० मेला, शनिवारी, संध्याकाळी बातमी आली. पाच वाजल्यापासून जमिनीवर, आकाशात आणि समुद्रात दोन्ही बाजूंनी गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायची, असं ठरलं. एका वाहिनीवर 'शस्त्रसंधी' लिहून आलं, दुसरीवर 'युद्धविराम', तिसरीवर 'युद्धबंदी'. आणि त्याच रात्री पुन्हा बातमी, की उल्लंघन झालं. हे खुद्द आपल्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं.

त्यानंतरच्या आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत कुणाचंच बचतीकडे लक्ष नव्हतं. एका मावशींचा मुलगा जम्मूकडे होता. त्यांनी मला विचारलं, "ताई, लढाई संपली म्हणाले. मग रात्री पुन्हा कसं काय चालू? संपली का नाही संपली?" शेजारची एक नवी सून पटकन म्हणाली, "संधी म्हणजे चान्स ना? शस्त्रांना चान्स दिला का?" सगळ्या हसल्या, मावशीही हसल्या. पण तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. शब्द कळला नाही की माणूस एकतर उगाच निर्धास्त होतो, नाहीतर उगाच घाबरतो. म्हणून एकेक शब्द बघू या.

'शस्त्रसंधी'तली संधी ही नोकरीची संधी नव्हे. संस्कृतात संधी म्हणजे सांधा, जोड. तुमचा गुडघा दुखतो त्याला संधिवात म्हणतात, तो यातलाच. पोरं व्याकरणात विद्या अधिक आलय, विद्यालय असा संधी करतात, तोही हाच. दोन गोष्टी जिथं एकमेकींना भेटतात ती जागा. दिवस आणि रात्र भेटतात त्या वेळेच्या उजेडाला आपण संधिप्रकाश म्हणतो. मला शस्त्रसंधी समजवायला हाच शब्द सगळ्यात बरा वाटतो. दिवेलागणीच्या वेळी दिवस संपलेला असतो का? नाही. रात्र झालेली असते का? तेही नाही.

जुन्या काळी कौटिल्यानं अर्थशास्त्रात राजानं दुसऱ्या राजाशी वागायच्या सहा रीती सांगितल्या. त्यात पहिली संधी आणि दुसरी विग्रह, म्हणजे भांडण. आणि तो म्हणतो, की संधी केली काय आणि लढलं काय, फायदा सारखाच होणार असेल, तर संधीच करावी. कारण काय, तर लढाईत माणसांचा आणि मालाचा नाश होतो, खर्च होतो आणि घर सोडून लांब राहावं लागतं. हे तिसरं कारण वाचलं तेव्हा मी थांबलेच. दोन हजार वर्षांमागचा राजकारणी माणूस, ज्याला आपण अगदी कठोर समजतो, तो लढाईच्या तोट्यांत 'घरापासून लांब राहणं' मोजतो.

'युद्धविराम' सोपा आहे. विराम म्हणजे थांबा. पण मराठीच्या पुस्तकात विराम वेगवेगळ्या प्रकारचे होते ना? स्वल्पविराम आणि पूर्णविराम. युद्धविराम यातला कोणता, हे शब्द सांगत नाही. बहुतेक वेळा तो स्वल्पविरामच असतो, आणि ऐकणाऱ्याला पूर्णविराम वाटतो. मावशींचा गोंधळ इथंच झाला होता.

'युद्धबंदी' तर जरा घोटाळ्याचाच शब्द आहे. दारूबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, तशी युद्धाला बंदी. इथवर ठीक. पण लढाईत पकडलेल्या सैनिकालाही युद्धबंदी म्हणतात. १९७१ च्या लढाईनंतर पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धबंदी आपल्याकडे होते, असं वाचलं तर त्याचा अर्थ वेगळा. त्यांना युद्धकैदी म्हटलेलं बरं, म्हणजे गोंधळ होत नाही.

आणखी एक शब्द आहे, आणि तो तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. ग्रामसभेला माणसं जमली नाहीत की ग्रामसेवक काय म्हणतात? "गणपूर्तीअभावी सभा तहकूब." तहकूब म्हणजे रद्द नव्हे. तीच सभा, तेच विषय, फक्त पुढच्या तारखेला. लढाईलाही हा शब्द मराठीत वापरत, लढाई तहकूब झाली, युद्धाची तहकुबी झाली, असं. मला विचाराल तर वर्तमानपत्रांनी हाच शब्द परत आणावा. तो जरा कागदी, कचेरीतला वाटतो खरा, पण खेड्यातली कुठलीही बाई तो ऐकून गैरसमज करून घेणार नाही. तहकूब म्हटलं की पुढची तारीख कधी, हेच आपण आधी विचारतो.

आणि मग शेवटी 'तह'. तहात अटी असतात, देणं-घेणं असतं, सह्या-शिक्के असतात. पुरंदरचा तह आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १६६५ च्या जूनमध्ये महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाला तेवीस किल्ले दिले आणि बारा ठेवले. शाळेत असताना तो धडा आला की आमच्या वर्गात शांतता पसरायची, सगळ्यांनाच वाईट वाटायचं. पण १६७० साली सिंहगडापासून ते किल्ले परत घ्यायला सुरुवात झालीच. म्हणजे तह झाला तरी तो कायमचा असतो असं नाही. आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं इंग्रजांशी १७८२ साली सालबाईचा तह झाला, तो वीस वर्षं टिकला. तेवढी वीस वर्षं मराठे आणि इंग्रज एकमेकांशी लढले नाहीत.

तर मावशी, आधी लढाई थांबते ती शस्त्रसंधी, आणि मग बोलून जे ठरतं तो तह. पहिल्यानंतर दुसरं होईलच याची खात्री नसते. कोरियाचं उदाहरण घ्या. उत्तर आणि दक्षिण कोरियाची लढाई २७ जुलै १९५३ ला थांबली. थांबली ती थांबलीच, पण तह काही अजून झालेला नाही. सत्तर वर्षांवर गेली. तेव्हा तान्ही असलेली पोरं आता आजे-पणजे झाली, आणि कागदावर अजून टँप्लीजच चालू आहे.

आपलंही फार वेगळं नाही. काश्मीरमधली पहिली लढाई १९४९ च्या १ जानेवारीला थांबली. त्याच वर्षी जुलैमध्ये कराचीला बसून नकाशावर रेघ ओढली, तिचं नाव युद्धबंदी रेषा. कोण कुठं थांबलंय ते त्या रेघेवरून ठरायचं, आणि बघायला संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक आले. जागा सोडायची नाही, दगडाकडे सरकायचं नाही, ही पोरांचीच अट, फक्त नकाशावर. १९६५ ला पुन्हा लढाई झाली, ती सप्टेंबरात थांबली, आणि पुढं जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला करार झाला. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते, तेही ताश्कंदला होते. करारावर सही झाली त्याच रात्री लालबहादूर शास्त्री तिथं वारले. १९७१ नंतर सिमल्याला १९७२ मध्ये करार झाला आणि युद्धबंदी रेषेची नियंत्रण रेषा झाली. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये त्या रेषेवर पुन्हा शस्त्रसंधी ठरली. ती मोडत गेली, म्हणून २०२१ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांनी बोलून ती पुन्हा पाळायचं ठरवलं. आणि मग २०२५.

हे ऐकून एखादी म्हणेल, मग उपयोग काय? सारखी मोडते, सारखी करतात. मावशींनीही तेच विचारलं. पण त्यांचा मुलगा २०२१ नंतर दोन वर्षं रेषेजवळच्या चौकीवर होता, आणि फोनवर आवाज कसा असायचा हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलेलं. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत शाळा भरतात, शेतं नांगरली जातात, ती याच दिवसांत. मोडणाऱ्या शस्त्रसंधीनंही मधले दिवस मिळतात. ज्याचं पोर तिथं आहे त्याला एक एक दिवस किती मोठा असतो, ते सांगायला मी कोण?

आता आपल्या गावात येऊ. नाव-गाव सांगत नाही, पण एका गटात घडलेलं आहे आणि दोघींची परवानगी घेतली आहे. एका ताईंनी गटातून शेळ्यांसाठी वीस हजार उचलले. पावसाळ्यात दोन शेळ्या दगावल्या, हप्ते थकले. तुम्हाला माहीत आहे, एकीचे हप्ते थकले की बँकेच्या पुढच्या कर्जाला सगळ्यांचीच अडचण होते. दुसऱ्या एका ताईंना मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्याच बँक कर्जातून पैसे हवे होते, आणि जूनपर्यंतच हवे होते. दोघी एकाच भावकीतल्या. बैठकीत शब्दाला शब्द लागला, शेळ्या मेल्याच नाहीत, विकल्यात, इथपर्यंत आलं. मग गट मोडायची भाषा सुरू झाली. पाच जणी एकीकडे, चार दुसरीकडे, आणि अध्यक्षबाई रडकुंडीला.

गावातल्या मोठ्यांनी मिटवायचा प्रयत्न केला, तो व्हायचा तसाच झाला. तेव्हा गटातल्याच एका आजींनी, त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण त्या म्हणाल्या, "मिटवू नका. नुसतं थांबवा. पोरं करतात तसं टँप्लीज घ्या, पुढच्या बैठकीपर्यंत."

सगळ्यांना आधी थट्टा वाटली. पण मग बसून ठरवलं, आणि आम्ही ते इतिवृत्तात लिहिलं. काय लिहिलं, ते सांगते, कारण खरं काम तिथंच आहे. आज तारीख अमुक, पुढची बैठक तमुक, तोवर या विषयावर कुणी बोलायचं नाही, नळावर नाही, गिरणीत नाही, मोबाइलच्या स्टेटसवर नाही. कुणीही आपलं म्हणणं सोडलेलं नाही, दोघींचं म्हणणं दोन-दोन ओळींत लिहून ठेवलं आहे. शेवटचं हे वाक्य फार कामाचं ठरलं. थांबलो म्हणजे हरलो असं नाही, हे कागदावर आलं. महिन्याची बचत दोघीही भरणार, कारण ती भांडणाचा भाग नाही. आणि मोडलं की नाही हे त्या दोघी ठरवणार नाहीत. त्यासाठी भावकीबाहेरची एक सदस्य नेमली. म्हणजे आपले निरीक्षकच की!

चौथ्याच दिवशी मोडलं. एका ताईंच्या मुलानं स्टेटस ठेवलं, 'काही लोकांना दुसऱ्याच्या पैशावर जगायची सवय असते.' झालं, दुसरीकडून फोनवर फोन. मी म्हटलं, संपलं आता सगळं. पण नेमलेली सदस्य शहाणी निघाली. ती आधी मुलाकडे गेली, स्टेटस काढायला लावलं, मग दोघींकडे जाऊन म्हणाली, मुलगा गटाचा सदस्य नाही, म्हणून मोडलं असं मी धरत नाही, आजपासून पुढं चालू. मोडल्यावर लगेच 'बघा, त्यांनी मोडलं, आता आम्ही मोकळ्या' असं न म्हणता, नक्की कुणी मोडलं, मुद्दाम की चुकून, हे बघणारं कुणीतरी मधे असलं, तर गाडी पुन्हा रुळावर येते.

पुढच्या बैठकीपर्यंत दोन गोष्टी झाल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातून शेळ्या दगावल्याचा कागद आला, त्यामुळे 'विकल्या' हा मुद्दा संपला. आणि नर्सिंगची फी दोन हप्त्यांत भरता येते, हे मुलीनंच चौकशी करून आणलं. भांडणाच्या गरमीत या दोन्ही गोष्टी कुणी विचारल्याच नव्हत्या. मग ठरलं, उसाच्या तोडणीला गेलेला नवरा परतल्यावर, म्हणजे एप्रिलपासून, महिन्याला दीड हजार. तीन हप्ते आलेत, चौथा उशिरा आला. दोघी एकमेकींकडे जेवायला वगैरे जात नाहीत. बैठकीत समोरासमोर बसतात, सह्या करतात. गट चालू आहे.

आता एक गोष्ट फार स्पष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकताना हातातलं काम थांबवा. हा शब्द कुठं वापरायचा नाही, ते.

टँप्लीज दोन खेळणाऱ्यांत असते. शस्त्रसंधी दोन शस्त्रधाऱ्यांत असते. ज्या घरात एकच मारतो आणि दुसरी फक्त मार खाते, तिथं लढाई नसते, तिथं मारहाण असते. तिथं नवरा दारू उतरल्यावर म्हणतो, "जाऊ दे, आता मिटवू, पुन्हा नाही होणार," आणि सासू म्हणते, "थांबलाय ना आता, तूही गप बस." ही शस्त्रसंधी नव्हे. तुमच्या हातात शस्त्र नव्हतंच, मग तुम्ही खाली काय ठेवणार? दोन मारांच्या मधल्या शांत दिवसांना शांतता म्हणू नका. गटातल्या बायकांनीही अशा घरात 'थोडे दिवस थांबून बघ' असा सल्ला देऊ नये. मी तो अनेकदा ऐकलाय, चांगल्या मनाच्या बायकांच्या तोंडून, आणि मला त्याचा राग येतो.

तिथं कायदा आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. न्यायालय मारहाण करू नये असा आदेश देऊ शकतं, तुम्हाला घरातून काढू नये असाही आदेश देऊ शकतं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. हे आकडे स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वतःसाठी नको असतील तर शेजारणीसाठी.

जावा-जावांत, नणंद-भावजयीत, बांधाच्या वादात, गटाच्या पैशात, जिथं दोन्हीकडे बोलायची ताकद आहे, तिथं मात्र बघा करून. बांधाच्या वादात तर पेरणीपुरतं थांबायची रीत आपल्या जुन्या माणसांत होतीच. मोजणीची तारीख येईपर्यंत दोघांनी आपापली बाजू पेरायची, मधली दोन तास सोडायची. लेकीचं लग्न असलं की मांडव पडेपर्यंत कुणी वाद काढायचा नाही, हेही आपण पाळतो. म्हणजे काम आपण करतो. शब्द तेवढा नाही.

म्हणून तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या गावात, तुमच्या माहेरी पोरं खेळ थांबवायला काय म्हणायची, काय म्हणतात? टँप्लीजच, की आणखी काही? धनगरवाड्यावरची पोरं काय म्हणतात? कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या सुना आहेत, त्या काय म्हणायच्या? आणि मूठ ओठाला लावायचे, की अंगठा दाखवायचे, की आणखी काही? आपल्या गटाच्या सहयोगिनीकडे चिठ्ठी द्या, नाहीतर रेडिओ केंद्रावर फोन करा आणि म्हणून दाखवा. आजीबायांनी तर नक्की करा, कारण इंग्रजी टाइमप्लीज यायच्या आधी तुम्ही काय म्हणत होता, ते मला फार ऐकायचंय. जमलेले शब्द पुढच्या महिन्यात याच वेळी वाचून दाखवीन. नमस्कार.